तार मुरते काय? भायखळ्याची साक्ष

लोणचे मुरते. बिडाचा नवा तवा चार वेळा तेल प्याला की धिरडे त्याला चिकटेनासे होते. कोल्हापुरी पायताण आठ दिवस चावते आणि मग पायाचेच होऊन जाते. तंबोऱ्याला नवी तार चढवली तर पहिले काही दिवस ती सारखी उतरते. ताण नीट बसला म्हणजे मग ठिकाणावर राहते. वस्तू वापराने सुधारते, हा आपल्या घराघरांतला अनुभव आहे, आणि तो खोटा नाही.

अशा अनुभवात वाढलेल्या माणसाला कोणी म्हणाले, "गुरुजी, ही तार नवीन आहे. शंभर तास चालू द्या, मग बघा आवाज कसा गोड होतो ते," तर त्याला त्यात वावगे काही वाटत नाही. कोणी शंभर तास सांगतो, कोणी तीनशे. या मुरवण्याला बाजारात 'बर्न-इन' म्हणतात. ही तार म्हणजे साधी विजेची वायर नव्हे, तर जाळ्याची तार, म्हणजेच नेटवर्क केबल. संगणकाला संगणक जोडणारी ही तार आता गाण्याच्या यंत्रालाही जोडली जाते. शाळेच्या सभागृहात, देवळाच्या मंडपात आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीतही आवाज तिच्यातून धावू लागला आहे. तिचे साधे नग थोड्या पैशांत मिळतात. 'संगीतासाठी खास' म्हणून विकले जाणारे नग त्याच्या कितीतरी पट किमतीला जातात, आणि सोबत सल्ला मिळतो की आधी मुरू द्या.

ही तार खरोखरच मुरते काय? प्रश्न किरकोळ दिसतो, पण शाळेच्या तुटपुंज्या निधीतून किंवा भजनी मंडळाच्या वर्गणीतून पैसे जायचे असतील तर तो किरकोळ राहत नाही. त्याहूनही मोठी गोष्ट अशी, की 'मला फरक जाणवला' या वाक्यावर विश्वास केव्हा ठेवावा आणि केव्हा ठेवू नये, हे या निमित्ताने शिकता येते. हा धडा सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत, भायखळ्याला, फार मोठ्या संकटात गिरवला गेला. त्याच्याकडे आपण जाणारच आहोत. आधी तारेचा इतिहास थोडा पाहू.

तारेविषयीचे वाद तारेइतकेच जुने आहेत. ऑगस्ट १८५८ मध्ये अटलांटिक समुद्राच्या तळाशी टाकलेली तार युरोप आणि अमेरिका यांना जोडून गेली. तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचे वेष्टण आणि त्यावर लोखंडी तारांचे चिलखत, अशी तिची रचना होती. संदेश फार मंद आणि अस्पष्ट येऊ लागले. कंपनीचे वीजतज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हे पेशाने शल्यवैद्य होते. त्यांचे मत असे की तारेला जोर कमी पडतो, जोर वाढवा. त्यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. आधीच कच्ची असलेली तार त्याने आणखी बिघडली आणि काही आठवड्यांतच कायमची मुकी झाली. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले, ते उलट सांगत होते. दाब थोडाच ठेवा, आणि पलीकडच्या टोकाला बारीकशी हालचालही टिपणारे नाजूक मापकयंत्र बसवा, असे त्यांचे म्हणणे होते. ते खरे ठरले.

आपल्या बाजूलाही असेच झाले. सुएझपासून तांबड्या समुद्रातून एडन आणि पुढे कराचीपर्यंत टाकलेली तार १८६० साली पूर्ण झाली खरी, पण टिकली नाही. अफाट पैसा पाण्यात गेला, आणि हा वाक्प्रचार इथे अक्षरशः लागू पडतो. मग विलायतेत चौकशी समिती बसली. १८६१ साली तिचा अहवाल आला. त्याच वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या संघटनेने वीजरोध मोजण्याचे एक सर्वमान्य माप ठरवण्यासाठी समिती नेमली. आज शाळेच्या पुस्तकात आपण 'ओहम' म्हणून शिकवतो ते माप या खटपटीतून रूढ झाले. तोपर्यंत 'माझी तार चांगली' हे एकेका तज्ज्ञाचे मत होते. त्यानंतर तो एक आकडा झाला.

याचे फळ मुंबईला १८७० साली मिळाले. ग्रेट ईस्टर्न हे त्या काळचे प्रचंड जहाज मुंबई बंदरात आले आणि त्याने मुंबईपासून एडनकडे समुद्रतळाशी तार टाकली. त्याच वर्षीच्या जूनपर्यंत मुंबई ते इंग्लंड अशी समुद्रातली वाट पुरी झाली. या तारांची तपासणी करताना कारागिरांना एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती आपल्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे. तारेच्या वेष्टणाचा वीजरोध मोजायला घेतला की आकडा एकदम स्थिर होत नाही. दाब लावून ठेवला की तो हळूहळू वाढत जातो. म्हणून बरोबर एक मिनिट थांबून आकडा टिपण्याचा दंडक पडला. शिवाय समुद्रतळाच्या थंडीने आणि पाण्याच्या दाबाने गटापर्चाचे वेष्टण जमिनीवरच्यापेक्षा अधिक चांगले रोधक ठरत असे.

म्हणजे 'तारेत काहीच बदलत नाही' असे म्हणणे खरे नाही. वेष्टणात बदल होतो, तो मोजता येतो, आणि जुन्या लोकांनी तो मोजलाही. पण एक मिनिटानंतर रोधाचा आकडा वाढला म्हणून मुंबईहून गेलेल्या संदेशातला 'कापूस' एडनला पोहोचेपर्यंत 'रेशीम' झाला नाही. अक्षरे तीच राहिली. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तो कामाला येणार आहे.

आता जाळ्याच्या तारेकडे येऊ. तिचे पूर्वज समुद्री तारेपेक्षा टेलिफोनमध्ये अधिक सापडतात. मुंबईत टेलिफोनची अदलाबदल कचेरी २८ जानेवारी १८८२ रोजी सुरू झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८१ साली, अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी दोन तारांना एकमेकींभोवती पीळ देण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले होते. शेजारच्या तारांचा आणि विजेच्या यंत्रांचा गोंगाट बोलण्यात घुसत असे. दोन्ही तारांना पीळ दिला म्हणजे बाहेरचा उपद्रव दोघींना सारखाच होतो आणि शेवटी वजाबाकीत निघून जातो. आजच्या जाळ्याच्या तारेचे वरचे कातडे सोलून पाहा. आत आठ बारीक तारा, चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीचा पीळ थोडा वेगळा. शाळेत प्रयोगासाठी एखादी मोडकी तार जरूर सोला. मुलांना बेलची युक्ती डोळ्यांनी दिसेल.

या तारांमधून संगणकांनी एकमेकांशी बोलण्याची 'ईथरनेट' नावाची पद्धत १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनगृहात रॉबर्ट मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. सुरुवातीला ती जाड तारेवर चाले. पीळदार जोडीवर चालणारा तिचा प्रकार १९९० साली प्रमाण म्हणून मान्य झाला. तेव्हापासून ही तार घरोघरी पोहोचली.

तिच्यातून आवाज कसा जातो, हे समजले की अर्धा प्रश्न सुटतो. जुन्या ध्वनिवर्धकाच्या तारेत आवाजाचा चढउतार विजेच्या चढउताराच्या रूपाने जसाच्या तसा जातो. हंड्यातून पाणी वाहून नेण्यासारखे ते आहे: वाटेत जे सांडले ते सांडले. जाळ्याच्या तारेत तसे नसते. तिथे आवाजाचे आधी आकडे केले जातात. संगीताच्या तबकडीसाठी एका सेकंदाच्या आवाजाची ४४,१०० मोजमापे घेतात. त्या आकड्यांच्या पुरचुंड्या बांधून तारेतून पाठवतात. पलीकडे आकडे उतरवून घेतात, साठवणीत ठेवतात, आणि वाजवणारे यंत्र ते आपल्या घड्याळाच्या ठेक्यावर बाहेर काढते.

ही जुन्या तारखात्याची रीत झाली. ज्यांनी तार आलेली पाहिली आहे त्यांना आठवेल. आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण घरात तार आली की काळजात होणारे धस्स अजून कित्येकांच्या स्मरणात आहे. कागद चुरगळलेला असो, तारवाल्याची सायकल जुनी असो, मजकूर तोच असे. शिवाय तार पाठवताना तिच्यात शब्द किती आहेत तो आकडाही सोबत जाई. उतरवून घेणारा कारकून शब्द मोजून पाही. मेळ बसला नाही तर पुन्हा विचारणा होई. ईथरनेटच्या प्रत्येक पुरचुंडीला अशीच ३२ बिटांची एक पडताळणीची शेपटी जोडलेली असते. पोहोचलेले आकडे त्या शेपटीशी जुळले नाहीत तर ती पुरचुंडी टाकून दिली जाते. पाठवणाऱ्याला सवड असेल तर तो ती पुन्हा पाठवतो. थेट कार्यक्रमात सवड नसेल तर तेवढा तुकडा गळतो, आणि मग कानाला 'टक्' असा आवाज येतो किंवा क्षणभर सुन्न शांतता येते.

आता विचार करा. तार खराब असेल तर टक् होईल, खंड पडेल, गाणे थांबेल. पण सारंगी थोडी कर्कश आणि तबला थोडा बोथट, असा बारीक बिघाड या वाटेने येण्याला जागाच राहत नाही. आणि बिघाड नाही तर सुधारणा कसली? नव्या तारेतून दहावीचा निकाल शाळेत आला म्हणून मुलांचे गुण कमी दिसत नाहीत, आणि तार शंभर तास मुरली म्हणून ते वाढतही नाहीत. गाण्याचे आकडे आणि गुणपत्रिकेचे आकडे यांत तार भेद करीत नाही. तिला दोन्ही सारखेच.

न्यायाने एवढे सांगितले पाहिजे की तारेत खरे दोष असू शकतात. टोकाची खटकी नीट दाबून बसवलेली नसली, तार शंभर मीटरच्या मर्यादेपलीकडे ओढली, ती उंदराने कुरतडली किंवा उन्हाने तिचे वेष्टण तडकले, तर काम बिघडते. कधी खटकी काढून पुन्हा घातल्याने सांध्यावरची पुटे खरवडली जातात आणि बंद पडलेले यंत्र बोलू लागते. यंत्रांच्या जमिनीशी असलेल्या जोडणीत खोट असली तर तारेवाटे घुंघुं असा गोंगाटही शिरू शकतो. पण यांतला एकही दोष तासांनी मुरत नाही. उलट वय वाढेल तशी तार बिघडण्याचाच संभव अधिक.

'बर्न-इन' हा शब्दही मुळात वेगळ्या अर्थाचा आहे. विजेची नाजूक उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यांत माल बाहेर जाण्यापूर्वी काही तास उष्णतेत आणि विजेच्या दाबाखाली चालवून पाहतात. जे कच्चे असेल ते तिथेच मोडावे, गिऱ्हाइकाच्या घरी मोडू नये, हा हेतू. पेरणीपूर्वी बियाणे निवडावे तसे ते आहे. निवडल्याने पोचट दाणे बाजूला होतात. चांगला दाणा काही अधिक गोड होत नाही.

इथपर्यंतचे सारे ऐकून एखादा रसिक शांतपणे म्हणेल, "तुमचा हिशेब बरोबर असेल हो. पण मी स्वतः ऐकलंय. पहिल्या दिवशी गाणं कोरडं वाटलं, पंधराव्या दिवशी खुललं. माझे कान खोटे का?" या प्रश्नाला हसून चालणार नाही. अनुभव सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याच्या अनुभवाचे कारण कोणते, एवढाच वाद असतो. तार बदलली, की ऐकणारा बदलला? पंधरा दिवसांत तो त्या आवाजाला सरावला असेल. त्या रात्री रस्ता शांत असेल. ध्वनी जरासा मोठा ठेवला गेला असेल, आणि जरा मोठा आवाज कानाला नेहमी अधिक चांगलाच वाटतो. शिवाय पैसे मोजलेले असतात आणि सुधारणेची वाट पाहिलेली असते. ही सगळी कारणे एकात एक गुंतलेली. ती सोडवायची कशी?

नेमका हाच गुंता जिवावरचा होऊन मुंबईपुढे उभा राहिला होता, आणि तो सोडवण्याची रीत भायखळ्याने दाखवली. म्हणून आता गाणे थोडे बाजूला ठेवू.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पाहता पाहता शहर रिकामे होऊ लागले. माणसे गठुडी बांधून गावाकडे धावली, आणि रोगही त्यांच्या मागोमाग गेला. ऑक्टोबरात वॉल्डेमार हाफकिन हे जंतुशास्त्रज्ञ मुंबईत आले. मूळचे ओडेसाचे असलेल्या हाफकिन यांनी त्यापूर्वी कलकत्त्याकडे पटकीवरच्या लशीचे काम केले होते. भायखळ्याला जे. जे. रुग्णालयाच्या आवारातील ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि एक पडवी मिळाली. हाताशी माणसे मोजकी. मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब सोडून त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले. त्या थेंबांच्या बुडाशी जंतूंचे झुपके लोंबत. मग उष्णतेने जंतू मारून त्यांची लस केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली.

पण लस लागू पडते हे कळावे कसे? शहरात टोचून घेणारे होते आणि न घेणारेही होते. टोचून घेतलेला बंगल्यात राहत असेल, न घेतलेला चाळीच्या अंधाऱ्या खोलीत. एकजण रोगाच्या वस्तीतून निघून गेला असेल, दुसरा तिथेच अडकला असेल. वाचलेल्याने "लशीने वाचलो" म्हणावे आणि शेजाऱ्याने "आमच्या देवीने राखले" म्हणावे; दोघांच्याही बोलण्यावरून निकाल लागत नव्हता.

जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तीनशेहून अधिक कैदी, एकच छप्पर, एकच भाकरी, एकच काम. ३० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन तिथे गेले. ज्यांनी आपण होऊन हात पुढे केला अशा सुमारे दीडशे कैद्यांना त्यांनी लस टोचली. उरलेले, संख्येने थोडे अधिक, तसेच राहिले. त्यानंतरच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले आणि ६ दगावले. टोचलेल्यांपैकी २ आजारी पडले. दगावला एकही नाही. बंदिवानाच्या 'हो'ला कितपत मोकळीक होती, हा प्रश्न आज आपण विचारलाच पाहिजे. लसीकरणाच्या इतिहासात त्या अनामिक कैद्यांचे ऋण मोठे आहे, हेही तितकेच खरे.

इथे एक शंका निघते, आणि ती योग्य आहे. हात पुढे करणारे मुळातच धट्टेकट्टे असतील तर? भित्रे आणि अशक्त मागे राहिले असतील तर? मग श्रेय लशीचे की शरीराचे? ही फट पुढच्याच वर्षी बुजवली गेली. जानेवारी १८९८ मध्ये, भायखळ्याहून फार दूर नसलेल्या उमरखाडीच्या तुरुंगात प्लेग आला, तेव्हा कैद्यांना रांगेत बसवून एकाआड एक टोचले. कोणाला टोचायचे हे ना कैद्याने ठरवले, ना डॉक्टरने. न टोचलेल्या १२७ जणांपैकी १० आजारी पडले, ६ दगावले. टोचलेल्या १४७ जणांपैकी ३ आजारी पडले, तिघेही बरे झाले. पाठोपाठ फेब्रुवारीत बडोद्याजवळच्या उंधेरा या खेड्यात प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना टोचले. नंतर ज्या २८ घरांत रोग शिरला तिथे न टोचलेल्या ६४ माणसांपैकी २६ गेली. टोचलेल्या ७१ पैकी ३ गेली. एका घरातली, एका चुलीवर जेवणारी माणसे! याहून स्वच्छ तुलना कोणती?

१८९९ साली हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ साली तिला त्यांचे नाव मिळाले, हे पुष्कळांना माहीत असते. त्या लशीइतकीच मोलाची ठेव म्हणजे भायखळा आणि उमरखाडीची ही तुलनेची रीत होय. तिची सूत्रे अशी. आज आणि पंधरा दिवसांनंतर अशी तुलना करू नका; एकाच वेळी, एकाच जागी, दोन बाजू समोरासमोर ठेवा. दोन बाजूंत फरक एकाच गोष्टीचा असू द्या. कोण कोणत्या बाजूला, हे कोणाच्याही आवडीनिवडीवर सोडू नका. आणि शेवटी मोजा.

गाण्याच्या बाबतीत याला एक जोड द्यावी लागते. माणूस मेला की जगला, हे पाहणाऱ्याच्या मनावर अवलंबून नसते. आवाज गोड वाटला की नाही, हे मात्र सर्वस्वी ऐकणाऱ्याच्या मनावर असते. म्हणून कानाच्या परीक्षेत डोळे बांधावे लागतात. हीही युक्ती नवी नाही. १७८४ साली पॅरिसमध्ये मेस्मर यांच्या 'प्राणिज चुंबकशक्ती'च्या उपचारांची चौकशी झाली. बेंजामिन फ्रँक्लिन आणि लाव्हाझिये त्या समितीवर होते. डोळे बांधलेल्या रुग्णाला शक्ती दिली जात आहे असे नुसते सांगितले की त्याला झटके येत, आणि न सांगता दिली तर काहीच होत नसे. शक्ती हातात नव्हती, कल्पनेत होती.

मुरलेल्या वाद्यांविषयीही अशी परीक्षा झाली आहे. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे २१ व्हायोलिनवादकांना अंधूक प्रकाशात, डोळ्यांवर गडद चष्मे चढवून, सहा व्हायोलिने वाजवायला दिली. तीन नवी, तीन शतकांपूर्वीची आणि जगभर गाजलेल्या कारागिरांची. नवे कोणते, जुने कोणते हे बहुतेकांना सांगता आले नाही, आणि सर्वांत अधिक पसंती मिळाली ती एका नव्या वाद्याला. लाकूड हे तर खरोखर मुरणारे द्रव्य आहे. त्याच्याही बाबतीत नाव झाकले की कानाचा निकाल असा लागला.

ही परीक्षा तुमच्या शाळेतही होऊ शकते, आणि विज्ञानदिनाला याहून चांगला प्रयोग मिळायचा नाही. एकाच कंपनीच्या, एकाच लांबीच्या दोन जाळ्याच्या तारा घ्या. एक शंभर तास चालवा. दुसरी वेष्टणातच राहू द्या. यंत्रापुढे पडदा लावा. पडद्याआड एका विद्यार्थ्याला बसवा. प्रत्येक फेरीआधी त्याने नाणे उडवावे: छापा पडला तर मुरलेली तार जोडावी, काटा पडला तर कोरी. जोडणी करायची ती दर वेळी काढून, म्हणजे खटखट आवाजावरूनही ओळख पटणार नाही. गाण्याचा तुकडा तोच, आवाजाची पातळी तीच. ऐकणाऱ्याने कागदावर लिहायचे: मुरलेली की कोरी. अशा १६ फेऱ्या करा आणि मग पडद्याआडची वही उघडा.

नुसत्या अंदाजाने सोळापैकी आठच्या आसपास उत्तरे बरोबर येतील. बारा किंवा त्याहून जास्त बरोबर आली तर थांबून विचार करा, कारण अंदाजाने तसे शंभरात चारच वेळा घडते. मग पुन्हा सोळा फेऱ्या घ्या. दुसऱ्यांदाही बारा आली तर ते सर्वांना सांगण्यासारखे आहे. तारेच्या रचनेवरून माझी अपेक्षा आठाच्या आसपासची आहे. पण माझी अपेक्षा हीसुद्धा पडद्याबाहेर ठेवण्याची गोष्ट आहे. ज्यांना संगणक हाताळता येतो त्यांनी दुसरी पडताळणी करावी. गाण्याची एक फाइल कोऱ्या तारेतून उतरवावी, तीच मुरलेल्या तारेतून उतरवावी, आणि दोन्ही फाइली संगणकाकडून आकड्याला आकडा ताडून घ्याव्यात. एकाही आकड्याचा फरक दिसला नाही, तर गोडवा कुठून आला हे शोधायला तारेपाशी जाण्याचे कारण उरत नाही.

मग पैसे कशावर खर्चावे? सभागृहात घुमणारा आवाज आटोक्यात आणायला भिंतीवर जाड पडदे किंवा गोधड्या लावा. कर्ण्याची जागा आणि तोंड नीट ठेवा. ध्वनिवर्धकाच्या पडद्यात चालण्याने थोडासा सैलपणा येतो हे खरे आहे, पण तो आपोआप येतो, त्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. विजेची जमिनीशी जोडणी पक्की करा. आणि उरलेल्या पैशांतून मुलांसाठी एक बरी संवादिनी आणा. तिचा भाता वापराने खरोखर मोकळा होतो, आणि ती वाजवणारी बोटेही.

यात कानाचा अपमान मुळीच नाही. आपले कान कणसूर ओळखतात, काळोखात पावलांवरून माणूस ओळखतात. अशा साक्षीदाराला न्यायालयात जसे 'तू काय पाहिलेस तेवढेच सांग' म्हणून बजावतात, तसे कानाला बजावण्यासाठी पडदा लागतो. भायखळ्याच्या त्या तुरुंगात 'माझा विश्वास आहे' असे म्हणणारे आणि 'माझा विश्वास नाही' असे म्हणणारे दोघेही एका छपराखाली बसले होते. निकाल त्यांच्या विश्वासाने लागला नाही. मोजणीने लागला. प्लेगसारख्या महामारीत जी शिस्त पाळता आली, ती एका तारेची किंमत ठरवताना पाळणे आपल्याला जड जाऊ नये.